एका बेडकाचे तीन हात : मपेट चित्रपटांच्या नोंदी

१२ एप्रिल

भाचीची परीक्षा संपली. ती आजपासून माझ्याकडे. दोघींनी मिळून सुट्टीचं काम ठरवलं: मपेटचे चित्रपटगृहात आलेले आठही चित्रपट क्रमाने पाहायचे, जुने-नवे शेजारी ठेवून नोंदी करायच्या, आणि मे महिन्याच्या अखेरीस सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना त्यातले दोन-तीन प्रसंग दाखवून बोलायचं. सोबत आपली स्वतःची एक हातबाहुली. मपेट म्हणजे जिम हेन्सन या अमेरिकन बाहुलीकाराच्या बाहुल्यांची टोळी, आणि कर्मिट बेडूक तिचा म्होरक्या. आठ म्हणजे १९७९, १९८१, १९८४, १९९२, १९९६, १९९९, २०११ आणि २०१४. टीव्हीसाठी केलेले बाजूला ठेवले, नाहीतर सुट्टी पुरायची नाही.

'जुने ते सोने' हे वहीत लिहायचं नाही, असं भाचीकडून वचन घेतलं आणि स्वतःही दिलं. मी शाळांमधून बाहुल्यांचे खेळ करते. कुठलीही बाहुली दिसली की माझं लक्ष आधी तिच्या मानेखाली जातं. तेव्हा तुलनाही तिथूनच करू. हात कुठे आहे, कुणाचा आहे, आणि तो हात बदलला तेव्हा चित्रपटाने काय केलं.

१४ एप्रिल

पाहण्याआधी करून बघितलं. जुन्या राखाडी स्वेटरची बाही घेतली, टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापला. आमचा कावळा होणार आहे. पहिला कर्मिटही असाच झाला होता. जिम हेन्सनने १९५५ साली आईचा जुना कोट उसवून त्याचं अंग शिवलं आणि चेंडूच्या दोन अर्ध्या वाट्यांचे डोळे लावले. वॉशिंग्टनच्या टीव्हीवरच्या एका पाच मिनिटांच्या कार्यक्रमासाठी. तेव्हा तो बेडूकसुद्धा नव्हता, नुसता एक हिरवट जीव. बेडूक तो नंतर झाला.

कर्मिटच्या डोक्यात जवळपास काहीच नसतं, ही त्याची खरी गंमत. फॉझी अस्वलाला, मिस पिगी या डुकरिणीला फोमचं डोकं आहे, त्यांना त्यांचा असा आकार आहे. कर्मिट म्हणजे हातावर ओढलेलं कापड. बोटं आत वळली की तोंड कसनुसं होतं, एक बोट वर उचललं की कपाळावर आठी. म्हणजे त्याचा चेहरा हा चालवणाऱ्याच्या पंजाचाच चेहरा. पंजा बदलला की चेहरा बदलणार. हे वहीत अधोरेखित करून ठेवलं.

संध्याकाळी सराव. अंगठा म्हणजे खालचा जबडा, चार बोटं म्हणजे टाळू. नवशिका माणूस बोलताना वरची बोटं उडवतो, मग बाहुली आभाळाला चावे घेतल्यासारखी दिसते. वरची बोटं स्थिर ठेवायची आणि अक्षरागणिक अंगठा खाली न्यायचा. भाचीला हे दहा मिनिटांत जमलं, पण हात डोक्यावर धरून तीन मिनिटांत दुखायला लागला. मपेटवाले तासन्‌तास असेच उभे राहतात, हात वर, नजर खाली मॉनिटरवर. आणि त्या मॉनिटरमध्ये चित्र आरशासारखं उलटं नसतं, प्रेक्षकाला दिसतं तसंच असतं. आम्ही मोबाइल पुस्तकांच्या ढिगाला टेकवून पाहिलं. कावळ्याला उजवीकडे वळवायला गेलं की पडद्यावर तो दुसरीकडेच निघतो. डोक्याला मुंग्या येतात.

१७ एप्रिल

'द मपेट मूव्ही', १९७९. दिग्दर्शक जेम्स फ्रॉली.

पहिलंच गाणं तीनदा पाहिलं. कॅमेरा आभाळातून झाडांवर, झाडांतून दलदलीत उतरतो. पाण्याच्या मधोमध ओंडक्यावर कर्मिट बँजो घेऊन बसलेला. चारी बाजूंना पाणी, लपायला जागाच नाही.

"मावशी, मग माणूस कुठंय?"

पाण्याखाली. ओंडक्याखाली लोखंडी टाकी बुडवलेली होती. हेन्सन तिच्यात अंग दुमडून बसले होते, रबरी बाहीतून हात वर कर्मिटमध्ये, समोर छोटा मॉनिटर. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती आणि उंचीने ते चांगलेच थोराड. भाचीने आमच्या पाण्याच्या टाकीकडे बघून अंदाज घेतला आणि गप्प बसली. बाहेरून दिसतं ते इतकंच, की एक बेडूक निवांत गातोय. पॉल विल्यम्स आणि केनेथ अ‍ॅशर यांचं हे गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं.

पुढे कर्मिट सायकल चालवतो, अख्खा, पायांसकट. टीव्हीवर त्याला कायम कंबरेपर्यंत पाहिलेल्या लोकांपुढे ही सायकल आली तेव्हा काय झालं असेल! तिथे हातबाहुलीचं तंत्र सोडून दिलं आणि वरून दोऱ्या लावल्या. म्हणजे पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्यांना लावतात तीच युक्ती, फक्त दोऱ्यांच्या वरच्या टोकाला क्रेन. फॉझी स्टुडबेकर गाडी चालवतो तेव्हा डिकीत एक माणूस दडलेला असतो आणि तो मॉनिटरवर रस्ता बघत खरी गाडी हाकतो. गाडीत पुढे बसलेल्या बाहुल्या गात असतात, आणि आपल्याला यातलं काहीही आठवत नाही.

आज मुख्य नोंद ही करायची: या चित्रपटात बेडूक बोलतो याचं कुणालाच आश्चर्य वाटत नाही. रस्त्यावरच्या माणसाला नाही, हॉटेलातल्या वेटरला नाही. एवढा खटाटोप करून त्याला पाय दिले, पाण्यात बसवलं, आणि मग त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला हा मोठेपणा वाटतो.

जत्रेच्या प्रसंगात एडगर बर्गन आणि त्यांचा चार्ली मॅकार्थी थोडा वेळ दिसून जातात. बर्गन अमेरिकेतले नामवंत शब्दभ्रमकार. चित्रपट लागायच्या आधीच, १९७८ साली ते गेले, आणि चित्रपट त्यांना अर्पण केला आहे. पाध्ये पिता-पुत्रांच्या अर्धवटरावाला हसत मोठ्या झालेल्या माणसाला चार्लीची ओळख करून द्यावी लागत नाही. तीच ती मांडीवर बसून मालकाचीच फिरकी घेणारी जात.

१८ एप्रिल

कालचाच चित्रपट. वाळवंटातल्या रात्रीवर एक पूर्ण पान.

गाडी बंद पडली आहे, सगळे शेकोटीभोवती, ज्या हॉलिवूडला निघाले होते ते हुकलंय. लांब नाकाचा गॉन्झो गातो. तिथे एक दिवस परत जायचंय, असं काहीसं. कुठे ते सांगत नाही. मग कर्मिट उठून अंधारात चालत जातो आणि तिथे त्याला दुसरा कर्मिट भेटतो. दोघे बोलतात. मी या सगळ्यांना फशी पाडलं का? नाही, ते आपणहून आले. मग वचन दिलं ते कुणाला? स्वतःला.

तेच कापड, तोच आवाज, दोन्ही बाजूंना हेन्सनच. फक्त एक किंचित थकलेला आणि एक किंचित ठाम. खेळ करणाऱ्यांनी हा प्रसंग आवाज बंद करून पाहावा. कोण कोणता, ते नुसत्या मानेच्या कलण्यावरून ओळखता येतं.

२१ एप्रिल

'द ग्रेट मपेट केपर', १९८१. या वेळी दिग्दर्शन हेन्सनचंच, लंडनमधली हिरेचोरी. कर्मिट आणि फॉझी जुळे भाऊ आहेत असं बिनदिक्कत सांगितलं जातं, दोघांच्या वडिलांचा फोटो दाखवतात, आणि टोपीशिवाय ओळखू येत नाही म्हणे! भाची दहा मिनिटं हसत होती. बॅटरसी पार्कमध्ये आता एकटा कर्मिट नाही, सगळी टोळीच सायकलींवर. आणि मिस पिगी पाण्याखाली पोहते.

इथे कथा दुय्यम आहे. एक अवघड गोष्ट सुटली, आता याहून अवघड करू, हा हुरूप मात्र चित्रपटभर आहे. मला तो पुरतो. भाचीला मधला भाग लांबला असं वाटलं, आणि तिचंही चूक नाही.

२४ एप्रिल

'द मपेट्स टेक मॅनहॅटन', १९८४. दिग्दर्शक फ्रँक ऑझ, म्हणजे मिस पिगी, फॉझी आणि ड्रम बडवणारा अ‍ॅनिमल यांच्यामागचा माणूस. कॉलेजातलं नाटक ब्रॉडवेवर न्यायला निघालेली मंडळी एकेक करून पांगतात. निरोपाचं गाणं फार हळवं आहे, त्यात कुणी गंमत करायला मध्ये येत नाही. शेवटी लग्न, आणि त्या लग्नाला 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही मालिकेतले पाहुणेसुद्धा. बाळरूपातल्या मपेटचं स्वप्न लोकांना इतकं आवडलं की त्याच वर्षी त्यावर वेगळी व्यंगचित्र मालिका निघाली.

बाकी नोंदण्यासारखं फार नाही. पहिले तीन इथे संपले.

२८ एप्रिल

आज काही पाहिलं नाही. कावळ्याची चोच दोनदा उसवली, फोम जाड पडतोय.

१६ मे १९९० रोजी जिम हेन्सन न्यूयॉर्कच्या रुग्णालयात वारले. वय ५३. जिवाणूंचा संसर्ग, दोन-तीन दिवसांत सगळं आटोपलं. सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये स्मरणसभा झाली, तिथे कुणी काळे कपडे घालायचे नाहीत, अशी त्यांचीच इच्छा होती. पुढे जानेवारी १९९२ मध्ये रिचर्ड हंटही गेले. स्कूटर, बीकर, जॅनिस, बाल्कनीतल्या दोन कुरकुऱ्या म्हाताऱ्यांपैकी स्टॅटलर, हे सगळे त्यांच्या हातचे.

नट गेला की त्याची भूमिका दुसरा करतो आणि लोक म्हणतात, हा वेगळा आहे. बाहुलीचं तसं नाही. कापड तेच राहतं. दुसऱ्या कुणी हात घातला तरी लोक म्हणणार, हा तोच. त्यामुळे दुसऱ्या हाताने काय करावं? हुबेहूब नक्कल? की स्वतःचं काही? माझ्या गुरूंची बाहुली माझ्याकडे आहे. पहिली दोन वर्षं मी तिला पेटीतून बाहेर काढलं नाही.

२ मे

'द मपेट ख्रिसमस कॅरल', १९९२. दिग्दर्शक ब्रायन हेन्सन, जिमचा मुलगा, त्याचा पहिला चित्रपट. गाणी पुन्हा पॉल विल्यम्सची. हेन्सन आणि हंट यांना अर्पण.

कर्मिटमध्ये आता स्टीव्ह व्हिटमायर. आणि काय केलं बघा: कर्मिटला नायक केलंच नाही. तो बॉब क्रॅचिट, कंजूष स्क्रूजचा गरीब कारकून. कथा सांगायचं काम गॉन्झोकडे, तो मूळ कथेचा लेखक चार्ल्स डिकन्स बनून येतो आणि रिझो उंदीर त्याच्या मागे. नव्या हातावर पूर्ण चित्रपटाचं ओझं टाकलं नाही. त्याला एक साधा, मवाळ माणूस दिला, ज्याला हळू बोलता येतं.

स्क्रूज मायकेल केन. त्यांनी ठरवलं होतं की आपण रॉयल शेक्सपिअर कंपनीत काम करतोय असंच वागायचं, बाहुल्यांसमोर आहोत म्हणून एकदाही डोळा मिचकावायचा नाही. त्यांच्या पायाखालची जमीन बऱ्याच ठिकाणी काढलेली होती. खाली खड्ड्यात हात वर करून उभी माणसं, आणि केन अरुंद फळ्यांवरून चालत बोलायचे. चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही.

आजारी मुलगा टायनी टिम गेल्यानंतरचं क्रॅचिटचं घर. शेकोटी, रिकामी जागा, कुबडी. कर्मिट बायकामुलांना समजावतो की आयुष्यात माणसं भेटतात आणि दुरावतात, तसंच ते असतं. मी हा चित्रपट पूर्वी पाहिला होता तेव्हा हे वाक्य टिमबद्दल वाटलं होतं. आज माहिती असताना पाहिलं. हेन्सनच्या माणसांनी, हेन्सनच्या मुलासमोर, हेन्सनचा बेडूक हातात घालून ते म्हटलंय. भाचीने विचारलं, "रडतेस का?" मी हो म्हटलं.

व्हिटमायरचा आवाज थोडा वरचा आहे. ऐकू येतो तो फरक. लपवायला गेले नाहीत, हेच योग्य झालं.

६ मे

दोन चित्रपट, एकच नोंद.

'मपेट ट्रेझर आयलंड' (१९९६): टिम करी यांचा लाँग जॉन सिल्व्हर, समुद्री चाचा. केन जितके शांत, तितके करी भडक, तरी दोघेही चालतात, कारण दोघेही बाहुलीच्या डोळ्यांत बघून बोलतात. हे एकदा जमलं की बाकी सगळं माफ.

'मपेट्स फ्रॉम स्पेस' (१९९९): आठांतला मला सर्वांत कमी आवडलेला. नवी गाणी नाहीत, जुनी फंक गाणी वाजतात. गॉन्झो परग्रहावरचा आहे असं यात उलगडतं. वाळवंटात तो ज्या जागेबद्दल गायला होता ती जागा कुठली, याचं उत्तर वीस वर्षांनी दिलं आणि त्या गाण्यातली हुरहुर कमी झाली. तो काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते गाणं आपलंही होतं.

९ मे

मधे बारा वर्षं चित्रपटगृहात काही नाही. २००४ मध्ये डिस्नेने मपेट विकत घेतले. मग २०११चा 'द मपेट्स', दिग्दर्शक जेम्स बॉबिन, लेखनात जेसन सेगल आणि निकोलस स्टोलर. सेगल स्वतः नायकही.

इथे प्रश्नच बदलला. १९७९मध्ये सगळे म्हणत होते, चला, लोकांना आनंद द्यायला जाऊ. २०११मध्ये म्हणतात, लोकांना आपण आठवतो का? थिएटर मोडकळीला आलंय, मंडळी पांगली आहेत, फॉझी रेनोमध्ये मपेटची नक्कल करणाऱ्या टोळीत पोटासाठी विनोद करतोय. १९७९च्या शेवटी ऑर्सन वेल्स यांनी जो करार तयार करायला सांगितला तोच करार इथे गळफास म्हणून परत येतो. जोडकाम सुबक आहे.

मला अडचण वाटली ती वॉल्टरची. मपेटचा भक्त असलेली ही नवी बाहुली, पीटर लिंझच्या हातातली. ती गोड आहे, पण तिच्यामुळे आपण बाहेर उभं राहून मपेटकडे बघतो. जुन्या चित्रपटांत आपण त्यांच्या गाडीत बसलेले असायचो. भाचीला हे अजिबात पटलं नाही. ती म्हणाली, "मी तर वॉल्टरमुळेच आत गेले. मला त्यांचा आधीचा काहीच पत्ता नव्हता ना." हे तिच्याच शब्दांत लिहून ठेवते, कारण मी तिच्या वयाची होऊन तो चित्रपट पाहू शकत नाही.

कर्मिट रिकाम्या वाड्यात एकटा चालत गातो, भिंतीवरच्या चौकटींतले जुने सोबती जिवंत होऊन सूर धरतात. ते गाणं मात्र दोघींनाही सारखंच लागलं. ऑस्कर मिळालं ते दुसऱ्या गाण्याला, ब्रेट मॅकेन्झीच्या, ज्यात सेगल आणि वॉल्टर आपण माणूस की मपेट असं विचारतात. मी हे चौकटीवालं निवडलं असतं.

फ्रँक ऑझ या चित्रपटात नाहीत. पिगी, फॉझी, अ‍ॅनिमल आता एरिक जेकबसनच्या हातात. पिगीचा तो एकदम पडदा फाडून येणारा राग जेकबसनने फार अभ्यासाने उचलला आहे. खांद्याचा झटका तर अगदी तोच.

१३ मे

'मपेट्स मोस्ट वॉन्टेड', २०१४. तिकीट खिडकीवर हा २०११पेक्षा फिका पडला. मीही फार अपेक्षा न ठेवता बसले होते. आता मध्यरात्र झाली आहे आणि मी अजून लिहिते आहे.

गोष्ट अशी: कॉन्स्टन्टिन नावाचा अट्टल गुन्हेगार बेडूक, दिसायला हुबेहूब कर्मिट, फक्त गालावर तीळ. तो तीळ रंगाने झाकतो, खऱ्या कर्मिटला खोटा तीळ चिकटवतो. कर्मिट जातो सैबेरियाच्या तुरुंगात आणि कॉन्स्टन्टिन मपेटमध्ये येऊन बसतो. आणि एका अ‍ॅनिमलशिवाय कुणाला कळत नाही!

बाहुलीच्या कापडात दुसरा हात आला तर घरच्यांना ओळखू येईल का? १९९०पासून या मंडळींच्या डोक्यावर टांगलेला प्रश्न त्यांनी सरळ पटकथा करून पडद्यावर ठेवला. कॉन्स्टन्टिनला चालवतो मॅट व्होगेल. त्याचा जबडा घट्ट, मान ताठ, चेहऱ्यावर ती कसनुशी सुरकुती जवळजवळ नाहीच. कर्मिटमध्ये व्हिटमायर. आवाज बंद करून पाहिलं. फसायला होत नाही.

मग त्यांना का कळत नाही? कारण कॉन्स्टन्टिन कुणालाच नाही म्हणत नाही. जो जे मागेल ते करा. गॉन्झोला बैल सोडायचेत, सोड. कर्मिटचं निम्मं काम नाही म्हणणं हे होतं, हे त्यांना फार उशिरा उमगतं. शेवटी दोन्ही बेडूक शेजारी उभे राहतात, आणि पिगी लग्नाचं विचारते. कॉन्स्टन्टिन पटकन हो म्हणतो. कर्मिट अडखळतो, मं-मं करतो. त्या अडखळण्यावरून ती आपला ओळखते.

१४ मे

सकाळी पुन्हा १९७९चं वाळवंट आणि २०१४चं लग्न, पाठोपाठ. हीच जोडी हॉलमध्ये दाखवायची. दोन्हीकडे दोन कर्मिट समोरासमोर. पहिल्यात एकच हात दोन्हीकडे आहे आणि दुसरा कर्मिट म्हणजे सद्सद्विवेक. दुसऱ्यात दोन निराळे हात आहेत आणि दुसरा कर्मिट चोर. जुन्या चित्रपटाला स्वतःशी बोलायची मुभा होती. नव्याला आधी आपणच आपण आहोत हे दाखवून द्यावं लागतं. याच एका कारणासाठी २०१४चा चित्रपट मी २०११च्या वर ठेवते. तो पसरट आहे, पाहुण्यांची गर्दी आहे, सगळं खरं. पण आपल्या जखमेवर त्याने हात ठेवला, आणि हसत ठेवला.

पुढे २०१७पासून कर्मिटमध्ये कुणाचा हात आला? मॅट व्होगेलचा. ज्याने तोतया केला, त्यालाच खरा करावा लागला. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला.

१७ मे

एक माणूस राहिलाच होता. डेव्ह गोएल्झ. आधी औद्योगिक डिझायनर, मग मपेटच्या कार्यशाळेत बाहुल्या बनवणारा, आणि १९७६पासून गॉन्झो. आठही चित्रपटांत गॉन्झोमध्ये हाच हात. म्हणून आज फक्त गॉन्झो पाहिला, तुकड्या-तुकड्यांनी, १९७९ ते २०१४. सुरुवातीला त्याच्या नाकाचं टोक जरा खाली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. 'कॅरल'मध्ये तो सरळ आपल्याकडे बघून बोलतो. नंतर मान मोकळी झाली आहे. आवाज जाडावलाय. पस्तीस वर्षांचा एकाच हाताचा प्रवास इतका सलग कुठे बघायला मिळणार?

२२ मे

रंगीत तालीम. टेबलाला जुनी चादर बांधली, मोबाइल चादरीच्या मागे, स्टुलाला टेकवून. कावळा तयार आहे, डावा डोळा थोडा वर गेलाय, पण त्यामुळे तो काहीतरी विचारतोय असं वाटतं, म्हणून तसाच ठेवला.

मधेच मला खोकला आला. भाचीने खालून हात पुढे केला, मी कावळा काढून तिच्या हातात घातला. संवाद तोच होता. पण माझा कावळा बोलण्याआधी मान तिरकी करायचा, तिचा आधी एक पाऊल मागे सरला आणि मग बोलला. मी चादरीच्या पुढे जाऊन जमिनीवर बसले. तिला म्हटलं, थांबू नकोस, पुढचं म्हण.

हॉलमध्ये पहिला अर्धा भाग मी करणार, दुसरा ती. हात बदलताना चादर वर करायची, सगळ्यांना दिसू द्यायचं. बाकी कामं: चोचीची आतली शिवण दुहेरी करणे, प्रोजेक्टरची वायर मागून आणणे, भाचीसाठी उंच स्टूल.